वैमानिक आणि कंट्रोलर: परत म्हणून दाखवूनही गैरसमज का होतात?

उनाडपक्षी

सध्या रात्री जेवणं आटोपली की वैमानिक आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्या संभाषणांच्या फिती ऐकत बसते. यूट्यूबवर ढिगाने आहेत. निम्मं डोक्यावरून जातं, पण हळूहळू कान बसतो. पद्धत साधारण अशी दिसते: कंट्रोलर सूचना देतो, वैमानिक तीच सूचना परत म्हणून दाखवतो आणि शेवटी आपल्या विमानाचं नाव जोडतो. याला रीडबॅक म्हणतात म्हणे. त्यात काही चुकलं तर कंट्रोलरने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.

एवढी पक्की पद्धत असताना २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो जेट (बोइंग ७४७) एकमेकांवर आदळतात आणि ५८३ माणसं जातात, हे पचत नाही. ते जुनं झालं म्हणावं, तर २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर गेलं. दोन्हीकडे सगळे एकमेकांशी रेडिओवर बोलत होते.

तर प्रश्न दोन. परत म्हणून दाखवूनही गैरसमज होतो कसा? दुसरा जरा बावळट वाटेल: आपण भाजीवालीला फोनवरून पैसे देतो आणि तीनशे माणसं घेऊन निघालेल्या विमानाला सूचना मात्र खरखरत्या रेडिओवर, तोंडी. सरळ लेखी मेसेज का पाठवत नाहीत?

टॉवरतात्या, तुम्ही स्वतः कंट्रोलर, त्यामुळे हा धागा तुम्हाला उद्देशूनच आहे हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल.

चहाबाज

जागा धरून बसलो आहे. तात्या येईपर्यंत कोणी विषयांतर करू नका, ते काम माझं.

उजवी_सीट

तात्या येतीलच, तोवर कॉकपिटच्या बाजूने थोडं.

रीडबॅकने सिद्ध काय होतं, तर शब्द कानातून तोंडापर्यंत पोचले. डोक्यात काय पोचलं ते नाही. आणि ते शब्द परत ऐकणाराही माणूसच. आपण नुकतंच जे बोललो तेच समोरचा म्हणणार, अशी त्याच्या कानांची तयारी असते. तो पुढच्या विमानाकडे वळलेला असतो आणि चुकीचा आकडा कानावरून निघून जातो.

आमच्याकडे दुसराच त्रास. रोज तीच शहरं, तेच मार्ग. अमुक ठिकाणी अमुक उंचीपर्यंत खाली या, हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की एखाद्या दिवशी वेगळा आकडा आला तरी रोजचाच ऐकू येतो. म्हणून नवीन उंची मिळाली की एक जण रेडिओवर परत म्हणतो, दुसरा ती समोरच्या छोट्या खिडकीत फिरवून लावतो, आणि मग दोघंही त्या खिडकीतला आकडा बघून मोठ्याने म्हणतात. बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. पण दोघांनी वेगवेगळं ऐकलेलं असेल तर ते त्याच क्षणी उघडं पडतं आणि आम्ही मुकाट्याने परत विचारतो.

विमानांच्या नावांचा घोळ वेगळाच. एकाच कंपनीची सारख्या आकड्यांची दोन-तीन विमानं एका फ्रिक्वेन्सीवर आली की दुसऱ्याच्या सूचनेला तिसराच उत्तर देतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेलं विमान आठवत असेल. त्याचं नाव होतं कॅक्टस १५४९. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर कॅप्टन सलनबर्गर रेडिओवर १५३९ म्हणाले आणि कंट्रोलरने उत्तरात १५२९ म्हटलं. दोघेही कसलेले, तरी हे झालं. तिथे नुकसान काही झालं नाही, कारण कोण बोलतंय याबद्दल शंकाच नव्हती. रोज असं नशीब नसतं.

शंकेखोर

तेनेरिफेचं खापर रेडिओवर का फोडताय? केएलएमचा कॅप्टन कंपनीतला बडा माणूस, ७४७ च्या प्रशिक्षणाचा प्रमुख, जाहिरातीत फोटो. त्याला निघायची घाई होती, निघाला. बाजूचा सहवैमानिक त्याच्याच हाताखाली ७४७ साठी पास झालेला. तो काय डोंबल अडवणार? ही हाताखालच्यांनी तोंड न उघडण्याची गोष्ट आहे. रेडिओ बिचारा उगाच बदनाम.

टॉवरतात्या

धागा काल रात्रीच पाहिला, पण फोनवर एवढं मराठी टंकणं माझ्याच्याने होत नाही. आता लॅपटॉप उघडून बसलो आहे.

शंकेखोर, अर्धं बरोबर. पण सहवैमानिकाने तोंड उघडलं नाही हे खरं नाही. पहिल्यांदा कॅप्टनने थ्रॉटल पुढे सारले तेव्हा त्यानेच थांबवलं, की थांबा, अजून एटीसीची (एअर ट्रॅफिक कंट्रोलची) परवानगी नाही. कॅप्टन म्हणाला, माहीत आहे, विचार तू. पुढचं नीट वाचा, सगळी मेख तिथे आहे.

त्याने विचारलं. टॉवरने उत्तरात दिली ती मार्गाची परवानगी: उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंचीवर जायचं. उड्डाणाची परवानगी वेगळी असते, ती दिलेली नव्हती. पण त्या मार्गाच्या परवानगीतच 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' असे शब्द होते. घाईतल्या माणसाला ऐकायचा होता तो शब्द ऐकू आला. सहवैमानिक परत म्हणून दाखवतोय तोवर कॅप्टनने ब्रेक सोडले. त्या गडबडीत सहवैमानिकाने शेवटी जोडलं, 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरने घेतला, की धावपट्टीच्या टोकाला उभे आहेत, तयार आहेत. प्रत्यक्षात विमान धावत होतं. बाहेर धुकं, टॉवरला धावपट्टी दिसत नाही, जमिनीवरचं रडार नाही.

टॉवर म्हणाला 'ओके'. मग जरा थांबून, 'स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू'. त्याच सेकंदाला पॅन अ‍ॅमवाल्यांच्या पोटात गोळा आला, कारण ते त्याच धावपट्टीवरून समोरून येत होते. तेही बोलले, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचला एक 'ओके' आणि त्यापुढे साधारण तीन-चार सेकंदांची शिट्टी. त्या शिट्टीखाली जीव वाचवणारी दोन वाक्यं गाडली गेली.

मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने यानंतरही विचारलं, तो पॅन अमेरिकन बाजूला झाला नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झाला की. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तो 'ओके' मिळाला नसता तर एवढं ठासून म्हणायला त्याच्याकडे काय होतं? केएलएमचे सगळे २४८ गेले, पॅन अ‍ॅमचे ३३५. वाचले ते ६१, सगळे पॅन अ‍ॅमचे.

यानंतर जो नियम आला तो आम्हाला पहिल्या दिवसापासून घोटून घेतला. 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. आणि नुसत्या 'ओके'वर भागवायचं नाही. पुढे आयुष्यभर बायको घरात 'ओके' म्हणाली तरी माझे कान टवकारायचे.

चहाबाज

तात्या _/\_

घरचा विषय निघालाच आहे तर. रेडिओच्या भाषेत 'रॉजर' म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं. 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि त्याप्रमाणे करतो. तमाम नवरे जन्मभर 'रॉजर' म्हणत आले आहेत आणि तमाम बायका त्याला 'विल्को' समजत आल्या आहेत.

कल्याणी_म

चहाबाज, तुमच्या घरी हा प्रतिसाद पाठवू का? रॉजर की विल्को?

झेंडू

दोघं एकदम बोलले की शिट्टी वाजते हे कळलं. पण ही शिट्टी एएम रेडिओमुळे येते ना? गाडीतला एफएम किती स्वच्छ असतो. विमानांना एफएम द्या, मिटलं.

टॉवरतात्या

झेंडू, प्रश्न चांगला आहे. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि अजून एएमच आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरात तो स्पष्ट ऐकू येतो आणि दुसरा पार गिळला जातो. दुसरा कोणी बोलला होता हे कोणाला कळतही नाही. एएमवर निदान शिट्टी वाजते, म्हणजे कोणीतरी चिरडलं गेलं हे सगळ्यांना कळतं. मग तिसराच एखादा वैमानिक 'ब्लॉक्ड' म्हणतो आणि आम्ही परत विचारतो. ती खरखर उपयोगाची आहे.

तेनेरिफेला 'ब्लॉक्ड' म्हणणारा तिसरा कोणी नव्हता.

स्टेशनमास्तर_मिरज

मी रेल्वेतला, त्यामुळे आकाशातलं काही कळत नाही. पण आमच्याकडे यावर एक जुना उपाय आहे तो सांगतो. दोन स्टेशनमास्तर किंवा मास्तर आणि गेटमन फोनवर बोलतात तेव्हा नुसतं 'हो' चालत नाही. प्रत्येकाकडे छापील आकड्यांचा कागद असतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनला फाटक बंद करायला सांगितलं की तो आधी फाटक लावणार, कुलूप घालणार, मग फोनवर येऊन त्या कागदावरचा पुढचा नंबर देणार. तो आम्ही रजिस्टरला चढवायचा आणि त्याने कागदावर तो खोडायचा. नंबर आला म्हणजे काम झालं. 'ऐकलं' यासाठी नंबर देतच नाहीत.

रात्री अडीचला पावसात गेटमन फोनवर म्हणायचा, साहेब लावतोच आहे, घ्या ना नंबर. मी म्हणायचो, आधी लाव. शिव्या खाल्ल्या असतील मनातल्या मनात. पण नंबर तेव्हाच घेतला.

उनाडपक्षी

मास्तर, हे भारी आहे! म्हणजे रीडबॅक हा 'ऐकलं'चा पुरावा आणि प्रायव्हेट नंबर हा 'केलं'चा. विमानात 'केलं'चा पुरावा कोण देतं?

टॉवरतात्या

मास्तरांनी नस पकडली. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी. आमच्या खात्यातल्या त्या वेळच्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही.

दिल्लीहून निघालेलं सौदिया या सौदी कंपनीचं ७४७ वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ खाली उतरत होतं, त्याला १५,००० ला थांबायला सांगितलं होतं. मध्ये १,००० फूट अंतर. जाण्यायेण्याचा हवाई मार्ग तेव्हा एकच होता. कंट्रोलरने कझाक विमानाला समोरच्या जंबोची कल्पना दिली, अंतर सांगितलं, दिसलं की कळवा म्हणाला. तिकडून १५० (म्हणजे १५,००० फूट) ही उंची बरोबर परत आली. म्हणजे कागदावर सगळं ठीक. आणि विमान मात्र १५,००० वर न थांबता खाली येत राहिलं. दोन्ही हवेतच आदळली. दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ जण गेले.

का? त्या इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. रेडिओवाल्यासमोर उंची दाखवणारं स्वतंत्र यंत्र नव्हतं, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावं लागे. अगदी शेवटी त्याच्या लक्षात आलं आणि १५० ला चला म्हणून तो ओरडल्याचं रेकॉर्डरवर आहे. बोलणाऱ्याने बरोबर ऐकलं, बरोबर परत सांगितलं, पण ते चालवणाऱ्याच्या हातापर्यंत गेलं नाही. न्या. लाहोटी आयोगाने ठपका ठेवला तो कझाक विमानाने ठरलेली उंची सोडली यावरच.

आमच्या बाजूचंही सांगायला हवं. दिल्लीचं तेव्हाचं रडार विमान कुठे आहे ते दाखवायचं, किती उंचीवर आहे ते नाही. कंट्रोलरला वैमानिकाच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली.

राइनकाठची

मास्तरांच्या प्रायव्हेट नंबराची बहीण इकडे युरोपात आहे. वर उजवी_सीट यांनी ती आकड्याची खिडकी सांगितली ना, त्या खिडकीत वैमानिकाने जो आकडा लावला तो विमानाचा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) आपोआप खाली पाठवतो आणि कंट्रोलरच्या पडद्यावर विमानाच्या ठिपक्याशेजारी दिसतो. कंट्रोलर तोंडी म्हणाला १५० आणि पडद्यावर उमटलं १४०, की विमान हलायच्या आधीच विचारता येतं. माझा नवरा रडारच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडून ऐकलेलं.

शंकेखोर

म्हणजे शेवटी तंत्रज्ञानच. मग भाषेचं काय? कझाक विमानात इंग्रजी कच्चं होतं हेही वाचलं होतं. जगभर इंग्रजीची सक्ती करायची आणि मग माणसं चुकली की त्यांचं इंग्रजी काढायचं, ही कुठली रीत?

राइनकाठची

सक्ती नको तर काय हवं? २५ मे २००० ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर कंट्रोलरने एका फ्रेंच विमानाला फ्रेंचमध्ये उड्डाणाची परवानगी दिली आणि त्याच धावपट्टीवर पुढच्या बाजूने येणाऱ्या छोट्या ब्रिटिश मालवाहू विमानाशी इंग्रजीत बोलला. ब्रिटिश वैमानिकांना कळलंच नाही की मागून कोणी सुटलंय. पंख कॉकपिटवर आला, सहवैमानिक जागीच गेला. फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांना सगळं कळलं पाहिजे, मग ती भाषा कुठलीही असो. इतिहासाने ती इंग्रजी केली, एवढंच.

झेंडू

मुंबई-पुण्याचे कंट्रोलर मराठी वैमानिकांशी मराठीत बोलतात का?

उजवी_सीट

नाही. 'नमस्कार' आणि 'जय हिंद' ऐकू येतं, सणाला शुभेच्छाही. सूचना इंग्रजीतच. पुण्याला तर लोहगाव हवाई दलाचं, कंट्रोलरही त्यांचेच, तिथे गप्पा मारायची छाती होत नाही.

चहाबाज

पुण्यात दुपारी १ ते ४ उतरायची परवानगी मिळते का?

कल्याणी_म

हा विनोद प्रत्येक धाग्यावर आलाच पाहिजे असा संस्थळाचा नियम आहे का?

भूलतज्ज्ञ

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही हेच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मास्कमधून सारखंच ऐकू येतं. मी डोस 'वन फाइव्ह' असा सुटा सांगते आणि सिस्टरकडून तसाच परत घेते. नवीन पोरं हसतात पहिले दोन दिवस.

टॉवरतात्या

हसू देत. आमच्याकडेही आकडे सुटेच म्हणायचे, आणि उच्चारही ठरलेले. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर'.

तरी 'टू'ने घात केलाच. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो', म्हणजे २,४०० फुटांवर या. कॉकपिटमध्ये ऐकलं गेलं 'डिसेंड टू, फोर झीरो झीरो', म्हणजे ४०० पर्यंत या. उत्तर दिलं, 'ओके, फोर झीरो झीरो'. तिथे कंट्रोलरने पकडायला हवं होतं. नाही पकडलं. समोर टेकडी होती, चौघेही गेले. उनाडपक्षी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचा हा नमुना. रीडबॅक चुकीचा होता, पण ऐकणाऱ्याच्या कानाने दुरुस्त करून घेतला.

डेकवरून

जहाजांवर यापेक्षा जरा बरी सोय आहे. बोलायच्या आधी वाक्याचा प्रकार सांगायचा. 'क्वेश्चन' म्हणून प्रश्न, 'इन्स्ट्रक्शन' म्हणून हुकूम, 'इन्फॉर्मेशन' म्हणून नुसती माहिती, 'इंटेन्शन' म्हणून आपला बेत. आठ प्रकार आहेत. वाक्य अर्धवट ऐकू आलं तरी निदान हुकूम होता की चौकशी एवढं कळतं. विमानवाल्यांनी हे का घेतलं नाही कोण जाणे.

प्रत्यक्षात किती जण वापरतात, ते विचारू नका. शिवाय आमच्याकडे समोरच्या जहाजाशी रेडिओवर बोलत बसून झालेल्या टकरींना 'व्हीएचएफने घडवलेली टक्कर' असं खास नाव आहे. नियमानुसार सुकाणू वळवायचं सोडून दोघं चर्चा करतात, आणि कधीकधी भलत्याच जहाजाशी.

उजवी_सीट

डेकवरून, आमच्याकडे तेवढा वेळ नसतो. गर्दीच्या वेळी फ्रिक्वेन्सीवर दोन वाक्यांत श्वास घ्यायला जागा मिळत नाही, त्यात एक शब्दही जास्तच.

शंकेखोर यांच्या भाषेच्या मुद्द्यावर परत येतो. एव्हियांका ५२ बद्दल मला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा कळलं आणि तेव्हापासून मी ते विसरलेलो नाही. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं बोइंग ७०७. हवा खराब, विमानाला ठिकठिकाणी मिळून सव्वा तास घिरट्या घालायला लावल्या. सहवैमानिकाने सांगितलं की आम्ही अजून पाचेक मिनिटंच थांबू शकतो, पर्यायी विमानतळ म्हणून बोस्टनला जायचं तर आता इंधन पुरणार नाही. ज्याला सांगितलं त्या कंट्रोलरकडून पुढच्याकडे विमान गेलं, हे वाक्य गेलं नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसून विमान परत वर गेलं. कॅप्टनचं इंग्रजी बेताचं, तो सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये म्हणतोय, त्यांना इमर्जन्सी आहे म्हणून सांग. सहवैमानिक रेडिओवर म्हणतो, परत प्रयत्न करतो, आणि आमचं इंधन संपत आलंय. कंट्रोलर: ओके.

आता हे बघा. कंट्रोलर सांगतो, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? आणि सहवैमानिक म्हणतो, 'आय गेस सो, थँक यू व्हेरी मच'.

काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडच्या टेकडीवर विमान पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. टाक्या रिकाम्या असल्याने आगही लागली नाही. इंग्रजी त्याला येत होतं. पण 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' उच्चारलं की कंट्रोलर बाकी सगळी विमानं बाजूला करून तुम्हाला वाट देतो, आणि नुसतं 'इंधन संपत आलंय' म्हटलं की तो समजतो, त्या रात्री सगळ्यांचंच संपत आलंय. आता यासाठी ठरलेले शब्द आहेत, 'मिनिमम फ्युएल' आणि त्यापुढे 'मेडे फ्युएल'. दुसरा उच्चारला की मग भीडभाड नाही.

शंकेखोर

'आय गेस सो, थँक यू' हे वाचून सुन्न झालो. पण माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? ही भिडस्तपणाची गोष्ट आहे. मोठ्या शहरातल्या फटाफट बोलणाऱ्या साहेबासमोर आपलं रडगाणं कशाला, असं वाटलं असणार त्याला.

टॉवरतात्या

शंकेखोर, यावर आता भांडत नाही. फक्त एवढं, की भिडस्त माणूस कॉकपिटमध्ये येणारच हे धरून शब्द ठरवायचे असतात. एक शब्द उच्चारायला धीटपणा लागत नाही, वाद घालायला लागतो.

इंग्रजीच्या सहा पातळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना निदान चौथी लागते, आणि ती ठरावीक वर्षांनी परत सिद्ध करावी लागते. सहावीवाल्यांना परत परीक्षा नाही. गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त त्रास सहावीवाल्यांनीच दिला. जन्मापासून इंग्रजी बोलणारे, म्हणून ठरलेले शब्द सोडून घरच्यासारखं बोलतात, तेही भरधाव.

विलेपार्लेकर

थोडं अवांतर. आमच्या पार्ल्यात जुने लोक अजून सांगतात, १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. आई-बाबा बघायला गेले होते. हे खरं का?

टॉवरतात्या

खरं. २४ सप्टेंबर १९७२. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेला आणि शेजारशेजारच्या उपनगरांत. जुहूची लांबी पुरली नाही, विमान पुढे निघून गेलं, पण माणसं वाचली. आणि ते पहिलं नव्हे, १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान तिथेच उतरलं होतं! ते नंतर उडवून बाहेर काढलं. पण ही डोळ्यांची चूक, कानांची नव्हे. या धाग्यात बसत नाही.

चहाबाज

जुहूला उतरून भेळ खाल्ली का, एवढाच प्रश्न उरतो.

उनाडपक्षी

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न सगळे सोयीस्करपणे विसरले. लेखी मेसेज का नाही? आणि हानेदाबद्दलही कोणी बोललं नाही.

टॉवरतात्या

हानेदा आधी. तटरक्षक दलाचं विमान नोतोच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालं होतं. टॉवरने सांगितलं, सी-फाइव्ह या थांब्यापर्यंत या, तुम्ही 'नंबर वन'. म्हणजे रांगेत पहिले. त्यांनी बरोबर परत म्हटलं, आणि थांब्यावर न थांबता धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. 'नंबर वन' म्हणजे आपल्यालाच आधी सोडतायत, असा समज झाला. त्यांच्या सहापैकी पाच गेले. जपान एअरलाइन्सच्या विमानातले सगळे ३७९ बाहेर पडले. नंतर तिथे 'नंबर वन' म्हणणं काही काळ बंद केलं. इथेही रीडबॅक निर्दोष होता, हे लक्षात घ्या.

आता लेखी मेसेज. आहेत की! सीपीडीएलसी म्हणतात. मुंबईचा हवाई विभाग अरबी समुद्रात दूरवर पसरला आहे. तिथे व्हीएचएफ पोचत नाही, म्हणून लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ वापरायचा. ती खरखर ऐकली असती तर तुम्ही तेनेरिफेच्या फितीला शास्त्रीय गायन म्हटलं असतं. एकाचा निरोप दुसऱ्या विमानाने पुढे सांगायचा, असंही चाले. आता तिथे बरीच विमानं मेसेजवर असतात. उंची हवी, टाइप करून मागा, आम्ही लेखी देतो, ते बटण दाबून 'विल्को' कळवतात. ऐकण्यातली चूक उरत नाही.

पण समुद्रावर दोन विमानांत भरपूर अंतर असतं, मेसेज यायला-वाचायला वेळ गेला तरी चालतो. मुंबईत एक विमान उतरतंय आणि दुसरं त्याच्यामागे काही मैलांवर आहे, तिथे 'गो अराउंड' (उतरू नका, परत वर जा) टाइप करत बसणार का?

उजवी_सीट

आणि मेसेजवर फक्त ज्याचा त्याला कळतो. रेडिओवर सगळे सगळ्यांचं ऐकतात. सॅन फ्रान्सिस्को, जुलै २०१७, रात्रीची वेळ. एअर कॅनडाचं एअरबस धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर) उतरायला निघालं. त्या टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी होती. वैमानिकाला दिवे विचित्र वाटले, त्याने टॉवरला विचारलं. टॉवरने सांगितलं, धावपट्टी रिकामी आहे, या उतरा. दोघांचं बोलणं अगदी नियमाप्रमाणे. मग रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या युनायटेडच्या वैमानिकाने फ्रिक्वेन्सीवर विचारलं, हा कुठे चाललाय? हा टॅक्सीवेवर आहे! एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलं होतं. तिथून वर गेलं.

त्याला मेसेज पाठवायचा तर कोणाला पाठवायचा?

झेंडू

बापरे. म्हणजे मध्येच तोंड खुपसणारे लोक हवेतच.

स्टेशनमास्तर_मिरज

मेसेज वाचणारा आणि विमान चालवणारा एकच असेल तर ठीक. नाहीतर तात्यांनी सांगितलेल्या त्या कझाक विमानासारखं, मेसेज आला एकाला आणि हात दुसऱ्याचा.

राइनकाठची

इकडे वरच्या उंचीवर रोजच्या रोज मेसेज चालतात: फ्रिक्वेन्सी बदला, अमुक बिंदूकडे सरळ जा, असले बिनघाईचे. त्यामुळे रेडिओ मोकळा राहतो आणि खरंच घाईचं काही असलं तर ते बोलायला जागा मिळते. दोन्ही लागतं.

उनाडपक्षी

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर असं दिसतंय की दूरवर लेखी आणि जवळ तोंडी. पण मास्तरांचा प्रायव्हेट नंबर जमिनीवरच्या विमानाला कसा लावायचा? थांब्यावर थांबलं की नाही, हे हवेतल्या आकड्याच्या खिडकीत दिसत नाही.

टॉवरतात्या

त्यासाठी थांब्यावर आडवे लाल दिवे असतात, स्टॉप बार. तोंडी परवानगी मिळाली तरी दिवे लाल असतील तर ओलांडायचे नाहीत. दिवे विझले की पुढे. म्हणजे कान आणि डोळे दोन्ही जुळल्याशिवाय धावपट्टीवर जायचं नाही. हानेदाच्या त्या थांब्यावरचे दिवे दुरुस्तीमुळे त्या वेळी बंद होते.

विलेपार्लेकर

संपादक, जुहूचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवता येतील का? कॉमेटबद्दल बरंच विचारायचं आहे.